जास्तीत जास्त किती उशीर?

आमच्या बीडच्या कॉलेजातले एक सर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा सांगतात तो प्रसंग बघण्यासारखा असतो. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखे डोळे बारीक करून ते वेटरला विचारतात, "लई उशीर झाला तर किती होईल?" वेटर म्हणतो, "लगेच आणतो." सर तडकतात, "लगेच म्हंजे किती, बाबा?" एसटीच्या चौकशी खिडकीवरही हाच प्रश्न. स्टाफरूममध्ये मी त्यांची हुबेहूब नक्कल करतो आणि टाळ्या घेतो.

यंदा मुलांच्या छोट्या उपग्रहासाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची होती. सर म्हणत, वेगाचं कौतुक नको. सौरपंख उघडायचा हुकूम ठरल्या वेळेच्या आत जाणारच, एवढी हमी पाहिजे. एका साध्या, जुन्या सिस्टीममध्ये ती हमी त्यांनी स्वतः तपासून घेतली होती. दुसरी सिस्टीम संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची होती. तिची स्क्रीन फार रंगीत होती.

बैठकीत सरांनी भाच्याला आपला प्रश्न विचारला. भाचा हसला. "सहसा होतच नाही उशीर."

"सर, तुमी कावून ताणता?" अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "तुमची नेमणूक बी दर जूनला आमीच करतो की."

सरांनी चष्मा पुसला आणि भाच्याच्या सिस्टीमच्या बाजूने सही केली.

बाहेर त्यांची विद्यार्थिनी थांबली होती. "सर, हमी नसेल तर घ्यायची नाही, असं तुम्हीच शिकवलंय ना?"

"परीक्षेत तसंच लिही," सर म्हणाले. "पूर्ण मार्क देईन."