लर्न आणि झेंडूची सरी

ऑगस्टमधल्या एका बुधवारी लीलाताईंनी त्यांची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, मला नाय जमायचं. उद्यापासून मी येत नाय."

मी पंचवटीत बायकांसाठी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेते. अकरा वर्षं झाली. मी चांगलं शिकवते... हे नम्रपणे वगैरे सांगत नाहीये, मला ते माहीतच आहे. त्यामुळे कुणी मधेच सोडून जायला निघालं की मी हात धुऊन मागे लागते.

लीलाताई मखमलाबादच्या. वय पंचावन्न, शाळा सातवीपर्यंत, घरची झेंडूची शेती. मुलगा बंगळुरूला नोकरीला, आणि त्याने तिथल्याच एका केरळच्या नर्सशी लग्न केलेलं. जिन्सी तिचं नाव. तिला ना मराठी येतं ना हिंदी... येतं ते मल्याळम आणि इंग्लिश.

लग्नात सासू-सून दोन दिवस एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. जे काही बोलणं झालं ते मुलाच्या मध्यस्थीने. दसऱ्याच्या आधी जिन्सी पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार होती, म्हणून लीलाताईंनी क्लास लावला. "तो निम्मं सांगतो, निम्मं गिळतो. मला माझ्या सुनेशी माझ्या तोंडानं बोलायचंय," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता माझी चूक सांगते. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी 'लर्न' या एका क्रियापदावर अर्धा तास बोलते. माझं हुकमी भाषण आहे ते. लर्न म्हणजे शिकणं, पाठ करणं, एखादी गोष्ट कानावर येणं... आणि पूर्वीच्या इंग्लिशमध्ये तर शिकवणंसुद्धा! आज कुणी तसं वापरलं तर लोक त्याला अडाणी म्हणतील. मग शेवटी मी त्याचं मूळ सांगते. फार जुन्या काळी या शब्दाच्या मुळाशी पावलांचा माग, जमिनीत उमटलेली रेघ असा अर्थ होता. शिकणं म्हणजे कुणाच्या तरी मागावर चालणं. बायका माना डोलावतात, मी खूश होते... आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर काळांचे तक्ते लिहायला घेते.

लीलाताईंनी ते सगळे तक्ते इमानदारीने उतरवून घेतले होते. वही मोत्यासारखी. पण तोंडातून एक वाक्य फुटत नव्हतं.

मी शनिवारी सकाळी स्कूटी काढली आणि थेट त्यांच्या शेतावर गेले. त्यांना समजावणार होते, थोडं रागावणारही होते. तोडणी चालू होती. नुसतं उभं काय राहायचं, म्हणून म्हटलं, मीही तोडते. आणि पहिल्याच झटक्यात फुलाबरोबर अख्खी फांदी हातात आली.

मला वाटलं, आता लीलाताई समजावून सांगतील. कुठलं काय! म्हणाल्या, "माझ्या मागच्या सरीनं चला. माझं राहिलेलं फूल तेवढं घ्या." बस. नवीन बाई कामाला आली की तिथे हीच रीत... तोंडाने काही सांगायचं नाही, जुन्या बाईच्या मागे सरीत सोडायचं. पहिल्या सरीला मी त्यांची बोटं बघत होते. दुसऱ्या सरीला माझा अंगठा आपोआप देठावर बरोबर पडायला लागला. तिसऱ्या सरीला त्यांनी मागे वळून बघणंच सोडून दिलं.

मी मधेच उभी राहिले. अकरा वर्षं ज्या शब्दाचं मूळ मी फळ्यापुढे उभी राहून सांगत आले, त्या शब्दात ही बाई रोज सकाळी चालते... आणि तिला मी तक्ते देत होते! मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली.

त्या दिवसापासून वही बंद. आठवड्यातून तीन सकाळी मी मखमलाबादला. मी पुढच्या सरीत, तोडता तोडता इंग्लिशमध्ये बोलत... हे फूल मोठं आहे, हे राहू दे, पाणी हवं का, दमलीस का, बस जरा. लीलाताई मागून तेच म्हणत यायच्या. आधी पुटपुटत, मग खणखणीत. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. महिन्याभराने त्यातल्या दोघी आमच्या मागे बोलत येऊ लागल्या.

परवाच्या रविवारी जिन्सी आली. लीलाताईंनी मलाही बोलावलं होतं, म्हणजे कुठे अडलंच तर मी असावी. मी बांधावर उभी. परीक्षा जणू माझीच.

जिन्सी शेताच्या कडेला येऊन थांबली. मुलगा सवयीने दोघींच्या मधे सरसावला, "आई, काय सांगू तिला?"

लीलाताई म्हणाल्या, "तू क्रेट उचल."

मग सुनेकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं... प्रवासात झोप झाली का? घरची आठवण येते का? शेवटचा प्रश्न मी शिकवलेलाच नव्हता. तो त्यांनी मनाने जोडला होता.

जिन्सीचे डोळे भरले. "येस, अम्मा," एवढंच म्हणाली.

लीलाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला आपल्या मागच्या सरीत घेतलं. थोड्या वेळाने तिकडून एक वेगळाच आवाज आला. जिन्सी एका अर्धवट उमललेल्या फुलाकडे बोट दाखवून चक्क मराठीत विचारत होती... "अम्मा, हे नको?"

"नको," लीलाताई म्हणाल्या. "ते उद्या."

मी तशीच निघाले. कुणी थांबवलं नाही, कुणाचं लक्षही नव्हतं. लीलाताई, तोडणीतून तुम्हाला हे वाचायला सवड होणार नाही, पण तुमची सून कदाचित एक दिवस मराठीत वाचून दाखवेल... मला तुमच्या मागे चालू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.