जादाचा पाटा

“मऊ पडलीया, साहेब. पार लोणी झालंय मागनं.”

एखाद्याचा मुलगा वाया गेल्याची बातमी द्यावी, तशा आवाजात मिस्त्री बाबांशी बोलत होते. मी शेडच्या दाराशी उभी होते. मिस्त्रींचा एक गुडघा आमच्या जुन्या अँबॅसिडरच्या मागच्या बंपरवर टेकलेला, डोळे मिटलेले. अंगाचा सगळा भार त्या गुडघ्यावर टाकायचा, गाडी किती खाली जाते ते अजमावायचं आणि ‘च्च’ करायचं, ही त्यांची तपासणी. दुसरं कुठलं यंत्र त्यांनी कधी वापरलं नाही. उजवा गुडघा दुखला की डावा वापरायचे, एवढाच बदल.

कराडला हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांची पत्र्याची शेड होती. आता तिथे उड्डाणपुलाचा खांब आहे, आणि मिस्त्री आटपाडीकडे लेकीच्या गावाला राहायला गेलेत. हंगामात त्या शेडपुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. आयुष्यभर त्यांनी ट्रॉल्याच दुरुस्त केल्या. ट्रॉलीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, सगळा भार तिच्यावर असतो. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. पाटा मोडला की दुसरा घालायचा, आणि पुन्हा मोडू नये म्हणून एक जादाचा घालायचा. “वजन पेलाया पायजे,” हे त्यांचं एकच वाक्य. ट्रॉली असो, जीप असो, नाहीतर शेजारणीची शिलाई मशीन, औषध तेच. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याला एक गोष्ट उत्तम येते, आणि मग जगात त्याला तेवढीच एक गोष्ट दिसते.

आम्हाला वजन पेलायचं नव्हतं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर पंधरा दिवसांनी तिला सांगलीला दाखवायला न्यावं लागत होतं. बसून प्रवास तिला झेपत नव्हता. आजोबांच्या वेळच्या त्या गाडीची मागची सीट एवढी रुंद, की गुडघे दुमडून आई तिच्यावर आडवी होऊ शकायची. भाड्याच्या गाड्यांत ते जमलं नाही. पण गाडीचे शॉकअप गेले होते, सांध्यांमधले रबरी बुश झिजले होते. खड्डा आला की ती आदळायची आणि मग कितीतरी वेळ डुलत राहायची. आणखी तीन महिने पाठीला हिसका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी बरंच वाचून काढलं होतं. नव्या पद्धतीचे, नळीसारखे शॉकअप बसवायचे, सगळे बुश बदलायचे, पाट्यांना हात लावायचा नाही. फोटोसुद्धा होते. फोन मी मिस्त्रींपुढे धरला आणि फोटोंखालची इंग्रजी नावं वाचून दाखवली. त्यांनी आधी हात पुसले, मग नीट पाहिलं, आणि माझ्याऐवजी बाबांना विचारलं, “मोबाईल कवा खड्ड्यात गेलाय का, साहेब?”

शेडमधले दोघे-तिघे हसले.

“आन् ताईस्नी काय बोलायचं आसंल तर मराठीत बोला म्हनावं.”

मी मराठीतही काही बोलले नाही. इंग्लिश मीडियमच्या मुलीला लोक दोनदा हसतात, बोलली तर आणि गप्प बसली तर. गप्प बसण्यात कष्ट कमी असतात.

चार दिवसांनी गाडी मिळाली. मागून एवढी उचललेली, की लांबून पाहिल्यावर ती रस्त्यावर पडलेलं काहीतरी हुंगते आहे असं वाटावं. दोन्ही बाजूंना एकेक जादाचा पाटा, तोही मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा, मापाला कापून घातलेला.

“कारखान्याचा ऊस वाहिलाय ह्यानं,” पाट्यावर थाप मारत मिस्त्री म्हणाले. “आता घाला किती बी वजन.” त्यांनी गुडघा टेकला. गाडी हलली नाही. डोळे उघडून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या राहिल्या.

त्या गाडीत घालायची होती माझी आई. ऑपरेशननंतर ती बेचाळीस किलोंची उरली होती.

पेठ नाक्यापर्यंत तिने सीटची कड घट्ट धरून ठेवली. आता खड्ड्याचीही गरज नव्हती, रस्त्यावरचा खडासुद्धा सरळ तिच्या पाठीपर्यंत पोचत होता. आष्ट्याच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला सांगितली, उतरली आणि दाराला धरून बराच वेळ उभी राहिली. सांगलीत डॉक्टरांनी पाठ तपासून विचारलं, “ट्रॅक्टरवरून आणलंत का?” बाबा कसनुसं हसले. डॉक्टर हसले नाहीत. असा आणखी एक प्रवास झाला तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

बाबांनी हे मिस्त्रींच्या कानावर घातलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. “रिकामी हाय म्हनून उडतीया. डिकीत दोन पोती वाळू टाका, गप बसंल.”

म्हणजे वजन पेलावं म्हणून पाटा, आणि पाट्याला काम हवं म्हणून वजन. यात आई कुठे आली, हा प्रश्न शेडमध्ये कुणीच विचारला नाही. बाबांनीही नाही. बाबांनी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे.

त्यांच्या गप्प बसण्याचं कारण मला दिसत होतं. वाळूची पोती मिस्त्रींनी स्वतः भरून, शिवून डिकीत ठेवली होती. शिवाय मागच्या सीटवर त्यांनी एक वाकळ घडी करून पसरली होती. त्यांच्या बायकोने जुनी लुगडी जोडून हाताने टाके घातलेली, धुऊन उन्हात वाळवलेली. “वहिनींच्या पाठीखाली ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाले आणि उगाच नट खोलायचे पाने शोधायला आत गेले. गाडी घरी आल्यावर आई त्या वाकळीवरून हात फिरवत राहिली. “माणूस चांगला आहे गं,” ती म्हणाली. “तू काही बोलू नकोस.”

चांगुलपणाचा हा एक त्रास असतो. नुसत्या मूर्खपणाला तोंडावर बोलता येतं. मूर्खपणा वाकळ घेऊन आला की घरातली शहाणी माणसंही त्याला चहा विचारतात.

पुढच्या तारखेच्या सकाळी बाबा आणि मी गाडी दाखवायला शेडवर गेलो. आई घरी कपडे करून बसली होती. मिस्त्रींनी गुडघा टेकला, डोळे मिटले आणि ‘च्च’ केलं.

“वाळूनं दाबली की वो. आजून एक पाटा टाकू. आर्ध्या तासाचं काम हाय.”

बाबा घड्याळ बघून म्हणाले, “टाका.”

नंतरचं आधी सांगून टाकते. जादाचे पाटे त्याच दिवशी निघाले. आईची तारीख आठवडाभर पुढे ढकलली, पुण्याहून शॉकअप आणि बुश मागवले, आणि ते मिस्त्रींनीच बसवले, तेही अगदी निगुतीने. शेड पडेपर्यंत ते प्रत्येक गाडीवाल्याला ऐकवत होते, “गाडी मऊ पायजे, गड्या. मानूस बसतंय तितं.” शोध त्यांचाच असल्यासारखे. मीही कुणाला खरं सांगायला गेले नाही.

पण त्या सकाळी ते ट्रॉलीचा तिसरा पाटा हातात घेऊन गाडीखाली सरकत होते, बाबा मान डोलवत होते, आणि माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

“मिस्त्री, मागे माझी आई झोपते. ऊस नाही.”