जसाच्या तसा

माझ्या धाकट्या मामांइतका प्रामाणिक माणूस निजामाच्या उभ्या मुलखात नव्हता, आणि प्रामाणिकपणानं माणसांना इतका त्रासही त्या मुलखात दुसऱ्या कुणी दिला नसेल. धाराशिवच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवायच्या. मूळ कागदावर शाईचा डाग असला तर मामा नकलेवरही त्याच जागी तेवढाच डाग पाडत. मुन्सिफसाहेबांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "हुजूर, नक्कल मुताबिक असल." म्हणजे मूळ जशी, नक्कलही तशी. निरोपाचंही तेच. निरोप पोटात असेपर्यंत त्यांना चैन नसे. भराभर चालायचे, वाटेत कुणाशी बोलायचे नाहीत, शब्द सांडतील म्हणून पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. कळंबहून आजोबांनी सांगून पाठवलं होतं, "दिवाळीला समदे या, फकस्त जावईबापूंच्या थोरल्या भावाला आणू नका, लई खातोय." मामांनी हे आमच्या थोरल्या काकांच्या ताटापुढं उभं राहूनच सांगितलं. काका हातातली भाकरी ठेवून उठले, ते दोन वर्षं आमच्याकडं फिरकले नाहीत.

रझाकारांच्या धामधुमीत शेजारच्या गंगाकाकूंचा महादू तिरंगा लावला म्हणून तुरुंगात गेला. कागदांच्या कामानं मामा तिथं गेले, तेव्हा त्यानं गजाआडून आईला निरोप दिला. मामा धापा टाकत आले आणि काकूंच्या उंबऱ्यातच उभे राहिले. "आई, मी बरा हाय," म्हणाले आणि खोकले. खोल, ओला खोकला. "जेवण बी चांगलं हाय." पुन्हा खोकले. माझी आई पदरात हसू दाबत होती. काकू हसल्या नाहीत.

"खोकला तुमचा का त्याचा?"

"त्याचा," मामा म्हणाले, आणि आपण काय सांगून बसलो ते कळताच अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

काकूंनी त्याच दिवशी अडुळशाचा काढा केला. त्यांना आत सोडेनात, म्हणून बाटली आणि निरोप त्यांनी तुरुंगाच्या फाटकाशीच मामांकडं दिला. पुढं रोज मामा काढा पोचवत राहिले. निजामाचं राज्य गेल्यावर महादू सुटला. अंगावर नुसती हाडं होती, पण पायी घरी आला.

बऱ्याच वर्षांनी काकू वारल्या. दिवस झाल्यावर महादू मामांकडं आला. मामा थकले होते, नातवंडांची नावंही चुकायचे.

"मामा, फाटकापाशी आई काय बोलली होती? परत सांगता का?"

मामा भिंतीला धरून उभे राहिले. "माज्या लेकाला म्हनावं, खोकला लपवू नको. आईपशी काय लपवायचं?" इथं ते थांबले, काकूही थांबल्या असतील. "मी हितंच हाय. भिंतीच्या अल्याड."

महादू मान खाली घालून ऐकत होता.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मामांनी पुन्हा सांगितलं.