पुढची सीट

नवऱ्याची अमेरिकन गाडी विकायचीच, असं मी ठरवलं तेव्हा आम्ही जर्मनीत त्सुफेनहाउझेनला राहत होतो आणि मला सातवा महिना लागला होता. गाडी माझ्याहून वयाने मोठी, दोन दारांची, भडक नारिंगी. इंजिन सुरू झालं की समोरच्या जर्मन आजी खिडकी लावून घ्यायच्या. नवरा दिवसभर कारखान्यात गाड्यांचंच काम करायचा आणि घरी येऊन हिच्याखाली आडवा व्हायचा. शिवाय ती सामायिक अंगणात तेल गाळायची. अंगण झाडायची पाळी, म्हणजे इथली केरवोख, शेजाऱ्यांच्या वाट्याला महिन्यातून एकदा यायची, माझ्या वाट्याला रोज.

"बाळाची सीट कुठे बसवणार?" मी विचारायची.

"मागे."

"आणि बाळ मागे पोचवणार कसं? खिडकीतून?"

शेवटी त्याने जाहिरात दिली. पण माणूस महाबिलंदर. गिऱ्हाईक आलं की इंजिनिअरच्या प्रामाणिकपणाने गंज, ब्रेक, पेट्रोलचा खप सगळं साग्रसंगीत सांगायचा. एकाने तर वाचवल्याबद्दल त्याचे आभार मानले. मग मीही डाव टाकला. बाळंतपणासाठी यायच्या होत्या त्या सासूबाईंना महिनाभर आधीच बोलावून घेतलं. आईचा शब्द तो मोडत नसे.

सासूबाईंनी गाडीला एक चक्कर मारली. "काय हे ध्यान! विकून टाक रे," म्हणाल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी बघते तर सासूबाई गाडीत पुढे बसून लसूण सोलतायत. अंगणात ऊन होतं पण वारा बोचरा, आणि काचा लावल्या की गाडी छान उबदार. संध्याकाळी मुलाने त्यांना एक फेरी मारून आणली. तिसऱ्या दिवशी त्याच विचारू लागल्या, "आज जायचं नाही का रे?"

माझा वकील फितूर झाला होता.

"आई, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?"

"तुझ्याच गं. पण पुढे बसायला मजा येते. आपल्या गाडीत पुढे आधी मामंजी बसायचे, मग भावोजी, मग मुलं मोठी झाली." एवढं बोलून त्या परत लसणाकडे वळल्या. मी रागात होते, फारसं मनावर घेतलं नाही.

मग नवरा कामावर असताना मी परस्पर एका गिऱ्हाइकाला बोलावलं. बॉनहून आला बिचारा. गंज दाखवला तरी हसतच होता. हा घेणार, माझी खात्री पटली.

"आई, जरा उतरता? यांना बसून बघायचंय."

"हो, हो." सासूबाईंनी सालं पदरात गोळा केली, उतरल्या, पुढची सीट वाकवली आणि थेट मागे शिरल्या. गुडघे पोटाशी, मांडीवर ताटली. त्यांना मागे जायला कोणी सांगितलं नव्हतं. "बसू दे त्यांना पुढे," म्हणाल्या, "मी आहे मागे."

तो पाहुणा खुशीत पुढे बसला. मला असा संताप आला! त्याच्यावर नाही, माझ्यावर. उतरा म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना.

"फेरकाउफ्ट," मी म्हणाले. विकली.

"आल्झो... म्हणजे, कधी?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

मग मी त्याला कॉफी पाजली, चार वेळा माफी मागितली आणि स्टेशनपर्यंत पोचवून आले. आणखी काय करणार?

संध्याकाळी फेरी मारायला मीही निघाले, पहिल्यांदाच. मला बघताच सासूबाईंनी सवयीने सीट वाकवली आणि मागे जायला लागल्या. मी त्यांच्या आधी घुसले, सात महिन्यांच्या पोटासकट.

फेरी झकास झाली. बाळ मागे पोचवता येतं, हे मी स्वतःच सिद्ध केलं होतं. परत बाहेर काढायला मात्र नवरा, सासूबाई आणि समोरच्या आजी, तिघंही लागले.