उष्टं सफरचंद

सत्याऐंशी साल. न्यू जर्सीत वंशद्वेषी टोळकी आपल्या भारतीय माणसांना रस्त्यात गाठून मारत होती. एडिसनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीत एक गोरा म्हातारा, बाकं रिकामी असली तरी, रोज माझ्याच शेजारी बसायचा. बॅग पोटाशी धरून सारखा माझ्याकडे बघायचा. मी आपला सावध.

एकदा त्याने चक्क हिंदीत विचारलं, "आप हिंदुस्तानी?" मी नुसती मान हलवली. मग इंग्रजीत सांगू लागला. तरुणपणी दिल्ली, कानपूर, बनारस फिरला होता म्हणे.

"तिथे मी कुणावरच विश्वास ठेवला नाही. गाडीत एका आजींनी पुरी दिली. गुंगीचं औषध असेल म्हणून मी घेईना. तेव्हा त्यांनी तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला. तरी मी उपाशीच बसलो."

एवढं बोलून त्याने बॅगेतून सफरचंद काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"नो, थँक्स," मी जरा जास्तच घाईने म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, सफरचंदाचा एक चावा घेतला, नीट चावून गिळला आणि तेच पुन्हा पुढे केलं.

आता उष्टं म्हणून नको, हे त्याला कसं सांगणार? आईची शिकवण गुंडाळून ठेवून मी दुसऱ्या बाजूने चावा घेतला, आणि न्यूयॉर्क येईपर्यंत गुंगी येते का, याची वाट बघत बसलो.