घरगाडीच्या मागे बांधायची गाडी

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बहारीनला सित्रामध्ये एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचा मेकॅनिक होतो. मूळचा अकोला जिल्ह्यातला. बायको आणि मुलगी तिकडंच होत्या, कारण माझ्या पगारात फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत आम्ही चौघं. दोघं केरळचे, एक पंजाबी आणि मी. माणसं चांगली होती, कामापुरतं हिंदी बोलायची आणि मग आपापल्या भाषेकडे निघून जायची. चौदा एप्रिलला आपले लोक मनामात कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचे, तेव्हा पोटभर मराठी बोलून व्हायचं. एरवी मराठी म्हणजे पत्र. शुक्रवारी सुट्टी असायची आणि शुक्रवारचाच मला सगळ्यात जास्त धाक वाटायचा. सकाळी कपडे धुऊन झाले की पुढं दिवसाचं काय करायचं ते कळायचं नाही.

त्यामुळे आमच्या कंपनीतल्या एका इंग्रज इंजिनियर साहेबांनी, "तुमचे चार-पाच शुक्रवार मला द्याल का?" असं विचारलं, तेव्हा मी काम काय आहे हे न विचारताच हो म्हटलं.

साहेब साठीला आले होते. रिटायर होऊन मायदेशी चालले होते, पण विमानानं नाही. त्यांनी एक घरगाडी घेतली होती, म्हणजे मिनीबसएवढी गाडी, आत दोन पलंग, शेगडी, मोरी सगळं. ती चालवत सौदीतून, जॉर्डनमधून, तुर्कस्तानातून युरोपात जायचं असा त्यांचा बेत होता. आता एवढं धूड घेऊन बाजारात पाव आणायला जाता येत नाही. म्हणून तिच्या मागे एक छोटी जुनी गाडी दांड्यानं बांधून न्यायची. मुक्कामाला घरगाडी उभी करायची आणि छोटी सोडवून गावात फिरायचं. ती छोटी गाडी निवडायला त्यांना मी हवा होतो.

"मॅडम पण असतील ना बरोबर?" मी विचारलं. मॅडमना मी वर्कशॉपमध्ये दोन-तीनदा पाहिलं होतं. पाय जरा ओढत चालायच्या.

"ती गेली," साहेब म्हणाले.

मला वाटलं, आधीच मायदेशी गेल्या असतील, हे मागाहून गाडी घेऊन जाणार. मी पुढं काही विचारलं नाही.

गाडी निवडणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. घरगाडीच्या इंजिनाला आणि ब्रेकला झेपेल एवढंच वजन मागे लावता येतं, आणि साहेबांच्या हिशेबानं ते साडेसातशे किलोच्या आत हवं होतं. गिअर हातानं टाकायचे हवेत, कारण ऑटोमॅटिक गाडी चारही चाकांवर ओढत नेली तर इंजिन बंद असल्यानं गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि तो जळून जातो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी हवी. पत्रा खाली सडलेला नको, नाहीतर दांडा लावलेला भागच उपटून हातात यायचा. बहारीनमध्ये समुद्राची खारी हवा, त्यामुळे वरून चकचकीत गाडी खालून चाळण झालेली असायची. मी प्रत्येक गाडीखाली झोपायचो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचो. साहेब बाजूला उभे राहून वहीत लिहायचे.

एक गोष्ट मात्र मला कळेना. गाडी मला पसंत पडली की साहेब मला चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायला सांगायचे. "आता उतरा. परत बसा. गुडघा किती वाकवावा लागतो?" सीट खाली असली की गाडी बाद. माझ्या मते अगदी योग्य अशा दोन गाड्या त्यांनी त्यापायी सोडल्या. गाड्या विकणारा म्हातारा बहारीनी वैतागून म्हणाला, "गाडी चालवायला घेताय की उतरायला?" साहेब नुसते हसले आणि दुसऱ्या आवाराकडे निघाले.

चौथ्या शुक्रवारी आम्ही मनामाजवळच्या जिदहफ्सला गेलो. किराणा दुकानाच्या काचेवर गाडी विकायची आहे अशी चिठ्ठी लावलेली होती, पत्ता वर राहणाऱ्या एका क्लार्कचा. मी त्यांच्याशी हिंदीत बोलत होतो. त्यांनी आत बायकोला हाक मारून म्हटलं, "अगो, चावी कुठे ठेवलीस?"

मी तिथंच थांबलो. मग म्हणालो, "तुम्ही मराठी?"

"रत्नागिरीकडचे आम्ही. तुम्ही कुठचे?"

"अकोल्याकडचा."

"म्हणजे लांबचे," ते म्हणाले, पण त्यांनी माझा हात हातात घेतला तो जिना उतरेपर्यंत सोडला नाही. मी त्यांना भाई म्हणू लागलो, ते मला भाऊ.

त्यांची गाडी पांढरी, जपानी, तीन दारांची होती. एसी बंद पडलेला होता आणि भाई त्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागत होते. साहेबांनी विचारलं, "एसीचा कॉम्प्रेसर काढून टाकला तर किती किलो कमी होतील?" मी ते मराठीत सांगितलं तेव्हा भाई माझ्याकडे बघतच राहिले. बहारीनच्या उन्हाळ्यात एसी नाही म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक त्यांना पहिलंच भेटलं होतं. खालचा पत्रा ठणठणीत होता. शेजारची सीट उंच होती. भाईंनी आईसाठी म्हणून तिच्याखाली लोखंडी पट्ट्या टाकून घेतल्या होत्या. आई सहा महिने राहून परत गेली होती. मी बसलो, उतरलो, परत बसलो. साहेबांनी वही मिटली.

वर चहाला बोलावलं. घरात सगळीकडे खोके बांधलेले होते. मुलांच्या शाळेसाठी भाईंची बायको आणि दोन्ही मुलं आठ-दहा दिवसांत कायमची गावी चालली होती, भाई एकटेच मागे राहणार होते. मुलं मराठी समजायची, पण इंग्रजीतच उत्तरं द्यायची, आणि गावच्या शाळेत कसं होईल याचीच त्यांची आई काळजी करत होती. भाभींनी चहा आणि खारी बिस्किटं ठेवली आणि मला विचारलं, "साहेबांची बायको नाही आली गाडी बघायला?"

"त्या आधीच विलायतेला गेल्यात," मी म्हटलं.

साहेबांना काहीतरी आपल्याबद्दल आहे हे कळलं. "काय विचारलं त्यांनी?"

मी सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

साहेबांनी कप बशीत ठेवला. "नाही," ते म्हणाले. "ती फेब्रुवारीत वारली. इथंच पुरलंय तिला."

भाभींना इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांना समजलं असावं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि खाली बघत राहिल्या. साहेब मात्र शांतपणे बोलत होते, जणू गाडीच्या कागदांबद्दलच. सगळा बेत मॅडमचा होता. पाच वर्षं त्या नकाशे जमवत होत्या. गाडीबद्दलची वहीतली यादी त्यांच्याच हातची होती. हलकी, हाताचे गिअर, सीट उंच, कारण त्यांचा गुडघा वाकत नव्हता.

"मला एकट्याला कुठलीही गाडी चालली असती," साहेब म्हणाले. "पण यादीतलं काही गाळायला हात होईना."

साहेबांनी जी किंमत सांगितली तिच्यावर भाईंनी अजिबात घासाघीस केली नाही.

पुढच्या आठवड्यात मी एसीचा कॉम्प्रेसर आणि मागची सीट काढली आणि सित्रातल्या एका भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. सहाशे नव्वद भरली. दांडा बसवला, मागच्या दिव्यांची वायर घरगाडीला जोडली. मग वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत चाचणी घ्यायची ठरली. साहेब घरगाडी चालवणार, मी छोट्या गाडीत बसून चाकं नीट वळतात का ते बघणार.

तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, चावी एक घर पुढे, म्हणजे स्टिअरिंग अडकायचं नाही. समोर घरगाडीची पांढरी पाठ. बाकी काही दिसत नव्हतं. स्टिअरिंग माझ्यासमोर आपोआप डावीकडे वळे, उजवीकडे वळे. हात लावायचा नव्हता. कुठं चाललोय ते दिसत नव्हतं आणि थांबवणंही माझ्या हातात नव्हतं. मांडीवर हात ठेवून मी बसलो होतो आणि एकाएकी मला घराची आठवण आली. मुलगी सात वर्षांची झाली होती. तिच्या सात वर्षांपैकी मी तिच्याजवळ किती राहिलो ते महिन्यांत मोजता आलं असतं. मी ते मोजायचं टाळलं. गाडी थांबली, साहेब उतरून आले आणि म्हणाले, "कसं वाटलं?"

"चाकं बरोबर वळतायत," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी मला साहेबांना सौदीला जाणाऱ्या पुलापर्यंत सोडायला जायचं होतं, पण फोरमननं सुट्टी दिली नाही. म्हणून साहेबच सकाळी वर्कशॉपच्या फाटकाशी आले. आम्ही दोघांनी वाकून दांड्याची पिन तपासली, मग पुन्हा एकदा तपासली. तपासण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"रस्त्यात कुणी बरोबर येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही आला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. हे ते शिष्टाचार म्हणून बोलले की खरंच, मला आजही सांगता येत नाही. पण त्यांनी माझ्या उत्तराची थोडी वाट बघितली. मग म्हणाले, "यल्ला," म्हणजे चला, आणि वर चढून बसले. घरगाडी वळली, तिच्यामागून रिकामी छोटी गाडी वळली. मी हात वर केला, पण आरशात त्यांना मागची गाडीच दिसत असणार.

तीन महिन्यांनी तुर्कस्तानातून एक कार्ड आलं. गाडी उत्तम चालते, पत्रा ठीक आहे, इकडे पाव चांगला मिळतो, एवढंच. उत्तर पाठवायला पत्ता नव्हता. त्यानंतर काही आलं नाही. कंपनीतल्या दुसऱ्या एका साहेबांना मी विचारलं, त्यांनाही काही माहीत नव्हतं.

मधल्या काळात भाईंची बायकोमुलं गावी गेली होती. एका शुक्रवारी दुपारी भाई कॅम्पाच्या फाटकाशी उभे दिसले. जिदहफ्सहून दोन बस बदलून आले होते, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. हातात डबा होता. "स्वतः केलंय," म्हणाले, "कसं झालंय ते सांगा." सुरमईचं कालवण होतं, मीठ जास्त पडलेलं. आम्ही खोलीबाहेरच्या सावलीत बसून सगळं संपवलं. त्यांनी मुलाचं इंग्रजीतलं पत्र मला वाचून दाखवलं. त्यात गावच्या शाळेबद्दल तक्रारीच होत्या.

पत्र घडी करून खिशात ठेवता ठेवता ते म्हणाले, "भाऊ, तुमचं हे सहावं वर्ष ना? मग सवय होते का?"

"होते," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. मग रिकामा डबा उचलला आणि तो धुवायला नळाकडे गेले.