प्रणालीच्या वहीतली अश्विनी

प्रणाली आणि मी, आम्ही दोघी बहिणी, यवतमाळहून निघालो तो रविवार होता. बस चार वाजता सुटली. आई स्टँडवर आली, बाबा घरी राहिले. खिडकीखाली उभं राहून आई प्रणालीला म्हणाली, "इच्याकडे पाहजो वं. हे कोनाशी बोलत नाई. तूच बोलजो." मी अठ्ठावीस वर्षांची होते, प्रणाली चोवीसची. सात वर्षांनी, एका बुधवारी, प्रणाली पुण्यात वारली.

आई, फोनवर हे सांगायला मला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. मागे राहिलेल्या इतरांनीही वाचावं, आणि आमच्यासारखे जे गाव सोडून इकडे आले त्यांनीही.

बिबवेवाडीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. घरमालकीणबाईंशी प्रणाली बोलली. गॅसवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांशी तीच बोलली. घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या की भाडेकरू दोन ठेवलेत, पण आवाज एकाच बाजूने येतो. दोन महिन्यांत प्रणालीच्या तोंडचं 'हाव' जाऊन 'हो' आलं आणि ती दुकानदाराला 'अहो' म्हणायला लागली. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, जिथे न बोलणं हा गुण धरतात. तिची नोकरी एका आयटी कंपनीत, दिवसभर हेडफोन लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलायची. घरी आली की ती बोलायची आणि मी ऐकायची. आम्हा दोघींना ते ठीक चाललंय असं मला वाटत होतं.

फ्रेंच येणाऱ्यांना कंपनीत चांगलं काम मिळतं म्हणून गेल्या वर्षी तिने कसबा पेठेत एका बाईंच्या घरी वर्ग लावला. शनिवारी चार ते सहा. परत आली की वर्गातल्या माणसांच्या नकला करून दाखवायची. ती स्वतः तिथे काय बोलते, हे तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेराव्यानंतर तू आणि बाबा परत गेलात. निघताना तू म्हणालीस, "आता इथं काय राह्यलं तुयं? घरी ये." मी हो म्हटलं होतं. महिनाअखेर खोल्या सोडते, असं घरमालकीणबाईंना सांगितलंही होतं. पुस्तकं खोक्यात भरत होते, तेव्हा फ्रेंचच्या बाईंचा फोन आला. प्रणालीची वही त्यांच्याकडे राहिली होती. मी शनिवारी गेले.

तांबट आळीच्या पुढे एका बोळात, लाकडी जिना चढून वर ती खोली आहे. सगळे तिथे बाईंना मादाम म्हणतात. मी दारात उभी राहिले तेव्हा वर्ग चालू होता. आठ-नऊ माणसं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि माझं नाव कोणी विचारलं नाही. एक खुर्ची रिकामी होती. मादाम म्हणाल्या, "बसा. उभं राहून फ्रेंच येत नाही."

मी बसले. शेजारी एक चाचा होते. कसब्यात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मुलगी लग्न होऊन फ्रान्सला गेली आणि नातीला उर्दूही येत नाही, मराठीही येत नाही, म्हणून ते सत्तरीत फ्रेंच शिकतात. ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच ना अश्विनीताई? रिक्षावाल्याला मीटर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या?"

तो किस्सा खरा आहे. स्वारगेटला घडला होता. पण मीटर वाचून दाखवलं होतं प्रणालीने. मी आत बसून रस्त्याकडे पाहत होते. चाचांची गल्लत झाली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात पलीकडची एक मुलगी म्हणाली, "तुम्ही आलात की घर भरतं, असं ती सांगायची." मी फळ्याकडे पाहत राहिले. चाचा तिला म्हणाले, "राहू दे, बेटा. एरवी बोलल्या असत्या. आज दुःखात आहेत."

वर्ग संपल्यावर मादामनी वही दिली. मधोमध उघडली तर स्वभावाचा धडा होता. नवशिक्यांना माणूस कसा आहे हे सांगायला वीसेक शब्द देतात. तिमीद म्हणजे लाजाळू, बावार्द म्हणजे बडबडी, सेरिएझ म्हणजे गंभीर, तेत्यू म्हणजे हट्टी. प्रणालीने समोर मराठी अर्थ लिहिले होते. खाली फ्रेंचमध्ये गृहपाठ होता, घरातल्या माणसाबद्दल सात वाक्यं. मागच्या पानांवरच्या शब्दांच्या याद्यांत बोट ठेवत मी एकेक वाक्य लावलं. माझी बहीण अश्विनी. ती उंच आहे. चष्मा लावते. डाव्या भुवईवर व्रण आहे. ती बडबडी आहे. ती धीट आहे. ती सगळ्यांशी भांडते आणि सगळे तिच्यावर प्रेम करतात.

उंची माझी होती, चष्मा माझा होता, व्रण माझा होता. आत ती होती.

पुढच्या पानावर 'मी' होतं. मी प्रणाली. मी बुटकी आहे. माझे केस कुरळे आहेत. मी लाजाळू आहे. मी कमी बोलते. मला पुस्तकं आवडतात. गर्दीत मला भीती वाटते. प्रणालीने शाळेनंतर एक पुस्तक पुरं वाचलं नव्हतं, आई, तुला माहीत आहे.

मी मादामना विचारलं की वर्गात ती कशी होती. त्या म्हणाल्या, तुमची बहीण म्हणजे या खोलीतली सगळ्यात शांत मुलगी. विचारल्याशिवाय बोलायची नाही. मग त्यांनी तोंडी परीक्षेचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. मला अजून ते आठवलं की दाराकडे पाहावंसं वाटतं. गळा प्रणालीचा होता. पण बोलण्याआधी घसा साफ करणं माझं, शब्दांमधलं अंतर माझं, वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प होणं माझं. दोन मिनिटं मी माझ्या मेलेल्या बहिणीच्या गळ्यातून स्वतःला ऐकत होते.

मादामना मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. त्यांनीच आधी सांगितलं. "पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते, इथे तुमच्या घरचं कोणी तपासायला येत नाही. हवा तो स्वभाव घ्या. तिने विचारलं, गप्प बसलं तर चालेल का? मी म्हटलं, फी तीच पडेल."

घरी आल्यावर मी ती वही टेबलावर ठेवली. दिवसाचे आठ तास ती नोकरीसाठी बोलायची, उरलेले माझ्यासाठी. आठवड्यातून दोन तास तिने गप्प बसायला जागा शोधली होती, जिना चढून, एका परक्या भाषेत. आणि माणूस कसा गप्प बसतो हे तिने एकाच माणसाकडून पाहिलं होतं.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. तापाचे पहिले तीन दिवस डॉक्टरांशी प्रणालीच बोलली. गोळ्या कोणत्या घेतल्या, उलटी किती वेळा झाली, सगळं तीच सांगत होती, मी पिशवी धरून उभी होते. चौथ्या दिवशी तिला बोलता येईना. डॉक्टरांनी मला विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली? रात्री कुठे दुखत होतं का?" मी प्रणालीकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्याने काही फरक पडला असता की नाही, हे मी नंतरही विचारलं नाही. विचारायलाही बोलावं लागतं.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. कशासाठी, ते जिना चढेपर्यंत ठरलं नव्हतं. सगळे माझी वाट पाहत असल्यासारखे बसले होते. चाचांनी नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना केलेल्या चुका सांगितल्या आणि माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही फ्रेंच शिकण्यापेक्षा तिला चष्मा पाठवा, निदान तुमचे ओठ तरी नीट दिसतील." सगळे हसले. ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. बोलताना माझा उजवा हात वर गेला होता, पंजा उघडा. तसा हात प्रणालीचा जायचा.

त्यानंतर ते वर्गापुरतं राहिलं नाही. इस्त्रीवाल्याने शर्टाचं बटण तोडलं तेव्हा मी गॅलरीतून त्याला हाक मारून सुनावलं. ग्रंथालयात एक प्राध्यापक म्हणाले की तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. घरमालकीणबाईंना खोल्या सोडत नाही असं सांगायला गेले, तर अर्धा तास बोलत बसले. त्या दार लावताना थांबल्या आणि माझ्यामागे पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का ते.

आणि मग गेल्या महिन्यातला तुझा फोन. तुला आठवत असेल. मी शेजारच्यांच्या कुत्र्याचं सांगत होते, हसत होते. तू मधेच म्हणालीस, "कोन बोलून राह्यलं?" मी म्हटलं, मी, अश्विनी. तू फोन बाबांना दिलास.

मी मुद्दाम करत नाही, आई. थांबवताही येत नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटत नाही.

या शनिवारी वर्गात एक नवीन मुलगा आला. मादामनी स्वभावाचा धडा पुन्हा घेतला आणि मला बहिणीबद्दल बोलायला सांगितलं. खोटं कोणतं आणि खरं कोणतं, ते मला त्या क्षणी ठरवायचं होतं. यवतमाळला सगळ्यांना माहीत असलेली प्रणाली सांगितली असती, तर त्या माणसांकडे असलेली त्यांची प्रणाली गेली असती. मी सांगितलं, माझी बहीण कमी बोलायची. चाचांनी मान हलवली.

तू परत ये म्हणतेस. तुझ्याकडे जी प्रणाली आहे ती मला तोंडपाठ आहे. गप्प बसलेली प्रणाली मी पाहिली नाही, ती फक्त कसब्यातल्या त्या खोलीत आठ-नऊ माणसांना आठवते. मी बिबवेवाडीतच राहते. पुस्तकं खोक्यांतून काढून पुन्हा लावली आहेत. शनिवारी चार वाजता वर्ग असतो.